धाकटीचं चालसत्त्व

चौगुल्यांच्या घरात लग्न होऊन ईश्वरी आली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पण सासऱ्यांनी तिला नावानं हाक मारली ती तिच्या पायांची गरज पडली तेव्हा.

"ईश्वरी, जरा भाईर ये बघू."

आत भाकरी थापणाऱ्या ईश्वरीला आधी कळलंच नाही, की हाक आपल्याला आहे. तोपर्यंत ती या घरात नुसती 'धाकटी' होती. धाकटीला सांगा, धाकटीला विचारा, धाकटी कुठं उलथली. थोरली सून मात्र पहिल्या दिवसापासून ऋतुजा होती, कारण ती साखर कारखान्याच्या संचालकाची मुलगी. ईश्वरी भुदरगडातल्या डोंगरवाडीची, खो-खो खेळत जिल्ह्यापर्यंत पोचलेली, धाकट्या हर्षलनं स्वतःच पसंत करून आणलेली. अशा सुनेला नाव असतं हे घराच्या लक्षात यायला वेळ लागतोच.

ती पीठ लागलेले हात घेऊनच अंगणात आली. सासरे सर्जेराव चौगुले खुर्चीत बसले होते. सारं कोल्हापूर त्यांना वस्ताद म्हणायचं. एके काळी त्यांच्या तालमीतले पैलवान मैदानं मारून यायचे. आता पोरं व्यायामशाळेत जात, भिंतीवरच्या पडद्यातला यंत्राचा मास्तर सांगेल तसे हातपाय हलवत आणि घाम फुटायच्या आत घरी जात. तालमीतला कुस्तीच्या मातीचा हौदा कोरडा पडला होता, आणि वस्तादांना कित्येक वर्षांत नवा पठ्ठा मिळाला नव्हता. हे दुखणं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण घरातल्या म्हशींनाही ते ठाऊक होतं.

वस्तादांची आणि सासूबाईंची नजर ईश्वरीच्या तोंडाकडे नव्हती, पायांकडे होती. बाजारात म्हैस घेताना बघतात तशी.

"चालून दाखव," वस्ताद म्हणाले.

हे सगळं चालसत्त्वामुळे झालं. गरोदर बाईनं हिंडतंफिरतं राहावं, बेतानं व्यायाम करावा, म्हणजे बाळंतपण सोपं जातं आणि मूल सुदृढ होतं, असं डॉक्टर आधीपासून सांगतच होते. पण असं का होतं, याचा उलगडा अलीकडे झाला. पोटुशी बाई जराशी धाप लागेल अशा बेतानं चालते, तेव्हा तिच्या पोटातली, बाळाला पोसणारी वार एक प्रथिन तयार करते. ते आईच्या रक्तातून बाळाच्या रक्तात उतरतं आणि त्याच्या यकृतातली, स्नायूंतली, मेंदूतली काही बंद कुलपं उघडतं. एकदा उघडलेली कुलपं जन्मभर उघडी राहतात. अशा मुलाचं अंग भरतं, पकड घट्ट होते, पुढे साखरेसारखे आजार सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. ती पोटात असताना उघडली नाहीत, तर मागाहून कितीही किल्ल्या फिरवा, फारशी उघडत नाहीत. प्रथिनाचं शास्त्रीय नाव हातभर लांब होतं. वर्तमानपत्रांनी त्याचं चालसत्त्व करून टाकलं.

मग अंथरुणाला खिळलेल्या गरोदर बायांनी काय करायचं? चालसत्त्व कारखान्यात बनवता येईना, आणि अंगाबाहेर काढून ठेवलं तर लगेच नासायचं. यातून यंत्र निघालं. एका गरोदर बाईनं चालून यायचं आणि खाटेवर पडायचं. यंत्र तिच्या रक्तातलं चालसत्त्व गाळून घेतं, रक्त तिचं तिला परत देतं, आणि गाळलेलं सत्त्व तिथल्या तिथे शेजारच्या खाटेवरच्या दुसरीच्या शिरेत सोडतं. कायदा असा, की देणारी नात्यातलीच हवी आणि दोघींचे महिने जुळते हवेत. कोल्हापूर म्हणजे कट्ट्यावर उभं राहून म्हशीची धार थेट ग्लासात घेणारं गाव. त्यानं या प्रकाराला 'धार' हे नाव देऊन टाकलं. "काय वस्ताद, आज सुनेची धार का?" लोक हसून विचारायचे. सुनेनंही हसावं, अशी अपेक्षा असायची.

ऋतुजाचे आधीचे दोन गर्भ पडले होते. या खेपेला डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि तिला पलंगावरून उठायची बंदी केली. त्याच सुमारास ईश्वरीलाही दिवस राहिले. घरात आनंद झाला, पण तो ऋतुजाच्या पलंगाभोवतीच घुटमळत राहिला. ईश्वरीच्या दिवसांकडे लक्ष गेलं ते यंत्राची बातमी आल्यावर.

डॉक्टर मुजावरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी वस्ताद, सासूबाई आणि दोन्ही मुलगे सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "आठवड्यातून एकदाच. काढलं ते काढलं, त्या दिवसापुरतं ईश्वरीच्या बाळाच्या वाट्याचं कमी होणार. बाकीच्या दिवसांत ते भरून निघेल. पण भरून काढायचं म्हणून हिला जास्त चालवायचं नाही. माणूस दमला की शरीर रक्त पायांकडे पळवतं आणि पिशवीकडचं कमी करतं. मग वार सत्त्व तर बनवत नाहीच, उलट बाळ उपाशी राहतं. ओळखायची खूण सोपी आहे. चालताना तिला सलग बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. लक्षात राहील ना?"

वस्तादांनी मान डोलावली. पण बाहेर आल्यावर ते थोरल्या रणवीरला म्हणाले, "ह्या बाईनं कधी हौद्याची माती बघितली असंल का रं?"

ईश्वरीनं मागे उभं राहून सगळं ऐकलं होतं. सासूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "दे की गं. चालतीस तर न्हाईतरी. तुझं काय जातंय?"

खरं सांगायचं तर ईश्वरीला कुणी बळंच तयार केलं नाही. ती हरखून तयार झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांनी स्वतःच्या हातानं वाटलेली बदामाची थंडाई तिच्यापुढे धरली. घरात आजवर बायांना असा खुराक कुणी दिला नव्हता. तूप, अंडी, मटणाचा रस्सा, ताटाच्या कडेला खारका. तिनं नवे बूट घातले, आणि रंकाळ्याच्या काठानं ती पुढे चालू लागली. मागून बॅटरीच्या स्कूटरवर वस्ताद. तिची पावलं हलकी आणि सारखी पडायची. खो-खोत कमावलेले पाय होते ते. पहिल्याच आठवड्यात वस्ताद कट्ट्यावर दहा माणसांत बोलले, "माझ्या दोन पोरांत न्हाई ती जिद्द ह्या पोरीत हाय. पठ्ठ्या हाय माझा, पठ्ठ्या!"

ईश्वरीला रडू आलं. बाप लहानपणीच गेलेल्या मुलीला कुणी असं म्हटलं, की तिचं काय होतं ते तिलाच ठाऊक. त्यांनी सांगितलं असतं तर ती पाण्यावरूनही चालली असती.

पहिल्या धारेच्या वेळी ऋतुजानं शेजारच्या खाटेवरून हात लांब करून तिचा हात धरला. दोघींच्या मधल्या काचेच्या नळीतून पातळ तुपाच्या रंगाचं सत्त्व जात होतं.

"ईशू, हे मी कुठे फेडू गं?" ऋतुजा म्हणाली.

"फेडायचं काय त्यात, ताई? दोघं एकत्रच खेळतील की."

त्या दिवशी दोघींनी हे मनापासून म्हटलं होतं, आणि तिथेच थांबलं असतं तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

घोळ झाला तो तालमीच्या शिस्तीमुळे. तालमीचा पहिला कायदा असा, की मेहनत चालू असताना तोंड मिटलेलं पाहिजे. जोर काढताना बोलणाऱ्याच्या पाठीत वस्तादांची छडी बसायची. बोलण्यात दम जातो, दम गेला की ताकद जाते, हे त्यांच्या वस्तादांनी त्यांना शिकवलं होतं. ईश्वरीनं दुसऱ्याच दिवशी, "मामा, कमळं किती आलीत बघा," म्हटलं, तर मागून आवाज आला, "तोंड बंद. नाकानं दम घे." तशीही सून सासऱ्यांपुढे कुठे बोलते? ती गप्प झाली. डॉक्टरबाईंनी दिलेली एकुलती एक खूण अशी पहिल्याच आठवड्यात पुसली गेली, आणि ती पुसली गेल्याचं कुणाच्या मनातही आलं नाही.

वस्तादांनी हळूहळू चाल वाढवली. रंकाळ्याच्या एका फेरीच्या दोन झाल्या, मग पन्हाळ्याचा चढ आला. सुरुवातीला नळीतलं सत्त्व खरोखर दाट येऊ लागलं. वस्ताद खूश. "मळ्यातली हीर आम्ही उपसली तवाच तिला पाणी लागलं," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. दाट येतंय म्हटल्यावर रणवीरनं आठवड्यातून दोन धारांचा विषय काढला. मुजावरबाईंनी साफ नकार दिला. तेव्हा रणवीरनं गावाबाहेरचं एक खासगी केंद्र शोधलं. तिथे यंत्र तेच होतं, फक्त फार विचारणारं कुणी नव्हतं. सोमवारी मुजावरबाईंकडे, गुरुवारी तिकडे. सोमवारी मुजावरबाई ईश्वरीला विचारायच्या, "दमत नाहीस ना?" आणि ईश्वरी वस्तादांकडे बघून म्हणायची, "न्हाई."

सातवा संपत आला तेव्हा ईश्वरीच्या पोटातली हालचाल मंदावली. आधी जेवण झालं की बाळ लाथा मारायचं. आता तासन्‌तास काहीच नाही. तिनं हर्षलला सांगितलं.

हर्षल थोरल्या भावाच्या फौंड्रीत कामाला होता. भट्टीवर माणसाऐवजी यंत्रं होती, आणि त्या यंत्रांवर हर्षल होता, आणि हर्षलवर दादा. "आता ऐन वेळेला दादाला नाही कसं म्हणायचं?" तो म्हणाला. "आबा आहेत ना बरोबर. त्यांना कळत नसेल का?"

मग ती गोठ्यात गेली. सासूबाई म्हशीची धार काढत होत्या.

"आत्या, बाळ लई गप असतंय आताशा."

"पोरगी असंल. पोरी गप्पच असत्यात," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. त्यांनी तीन सड पिळले, चौथ्याला हात न लावता उठल्या आणि रेडकू सोडलं. रेडकू धडपडत जाऊन त्या उरलेल्या सडाला लागलं. सासूबाईंचा हा नेम कधी चुकायचा नाही. रेडकाचं तोडलं तर पाप लागतं म्हणायच्या. ईश्वरी रेडकाकडे बघत उभी राहिली, आणि सासूबाई बादली घेऊन निघून गेल्या.

शेवटी ती ऋतुजाकडेच गेली. तिला वाटलं, बाईचं दुखणं बाईला कळेल, आणि आई व्हायला निघालेलीला तर कळेलच.

"ताई, ह्या आठवड्यात गुरुवारचं राहू दे का? मला भ्या वाटायलंय."

ऋतुजा पलंगावर उशांना टेकून बसली होती. चेहरा भरला होता, गालावर तकाकी आली होती. तिचं पोट हलताना साडीवरूनसुद्धा दिसत होतं. तिनं पोटावर हात ठेवला. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आता नको गं थांबवूस. शेवटचे दिवस महत्त्वाचे असतात म्हणतात."

"पण माझं बाळ हलत न्हाई, ताई."

"माझं हे एकच आहे, ईशू. यानंतर मला नाही होणार." ती डोळे पुसत म्हणाली. "तुला काय, अजून दहा होतील."

हे ऋतुजा दुष्टपणानं बोलली नाही. तिला ते अगदी खरं आणि साधं वाटलं, म्हणूनच ते जास्त वाईट होतं. बोलून झाल्यावर तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. ईश्वरी उभीच होती. तिनं पदराला गाठ मारली, सोडली, परत मारली. आणि गुरुवारी ती गेली. का गेली, असं तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर लाजिरवाणं होतं. नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा धाकटी झाली असती.

त्या गुरुवारी नळीतलं सत्त्व पाण्यासारखं आलं. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "आज पातळच दिसतंय."

वस्ताद म्हणाले, "उद्या जोतिबाच्या पायऱ्या चढायच्या."

पायऱ्या अर्ध्या झाल्या आणि ईश्वरीच्या ओटीपोटात कळ आली. ती कठड्याला धरून बसली. आज स्कूटर खालीच राहिली होती. वस्ताद तिच्या मागून काठी टेकत चढत होते. त्यांनाही धाप लागली होती, पण डोळे चमकत होते. कितीतरी वर्षांनी त्यांना पुन्हा वस्ताद झाल्यासारखं वाटत होतं.

"ऊठ, पठ्ठ्या. हितंच तर खरी मेहनत लागती. नाकानं दम घे."

ईश्वरीला म्हणायचं होतं, मामा, माझ्यानं होत नाही. पहिला शब्द निघाला, पुढचा निघेना. तोंड नुसतं उघडझाप करत राहिलं. आणि तेव्हा तिला इतक्या महिन्यांनी मुजावरबाईंचं वाक्य आठवलं. बोलणं तुटलं की थांबायचं. तिनं खाली बघितलं. पायरीवर रक्त सांडलं होतं.

मुलगी झाली. दिवस भरायच्या खूप आधी, ओंजळीत मावेल एवढी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं.

मुजावरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा होता. "वार अर्धीअधिक वाळून गेली होती," त्या वस्तादांना म्हणाल्या. "हे एका दिवसात होत नाही. बाळ कित्येक आठवडे उपाशी होतं. मी खूण सांगितली होती तुम्हाला. चालताना ती बोलत होती का?"

"तालमीत कोण बोलतंय?" वस्ताद सवयीनं, जरा गुर्मीतच बोलून गेले.

मग त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं. त्यांनी भिंतीला हात टेकला. मुजावरबाई परत आत गेल्या.

चौगुल्यांच्या घराची एक जुनी रीत होती. मूल जन्मलं की वस्तादांनी तालमीतली तांबडी माती चिमूटभर त्याच्या कपाळाला लावायची आणि आपलं बोट त्याच्या तळहातावर ठेवायचं. मूल बोट धरतं. कसं धरतं, त्यावरून पकड ओळखायची. वस्ताद माती घेऊन पेटीपाशी गेले. माती आत न्यायला परवानगी नव्हती. त्यांनी हात धुऊन पेटीच्या गोल खिडकीतून बोट आत घातलं आणि त्या नखाएवढ्या तळहातावर ठेवलं. हात उघडाच राहिला. त्यांनी थोडं थांबून पुन्हा ठेवलं. मग बोट काढून घेतलं आणि मातीची पुडी खिशात टाकली.

पुढे दिवस भरल्यावर ऋतुजा बाळंत झाली. मुलगा, चांगला घसघशीत. त्यानं आजोबांचं बोट असं काही धरलं, की सोडवताना नर्सला हसू आवरेना. ऋतुजाचं रक्त मात्र थांबेना. जीव वाचवायला तिची गर्भपिशवी काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर ती आधी रडली आणि मग मुलाकडे बघून गप्प झाली. एक होतं, आणि ते धडधाकट होतं.

बारसं बाराव्या दिवशीच झालं. ईश्वरीची मुलगी अजून पेटीत होती. तिच्यासाठी थांबावं असं कुणाला सुचलं नाही. उलट सासूबाईंनी निरोप धाडला, की सत्त्व दिलेल्या काकीचाच पाळण्याला पहिला हात लागला पाहिजे, तो तिचा मान आहे. ईश्वरी दवाखान्यातून दोन तासांसाठी आली. बायांनी पाळण्याच्या वरून-खालून बाळ एकमेकींच्या हातात द्यायला सुरुवात केली. होता होता ते ईश्वरीच्या हातात आलं. ते किती जड होतं! आपण पन्हाळ्याचा सगळा चढ ज्याच्यासाठी चढलो ते हे, असं तिच्या मनात आलं. बाळानं वास घेत तिच्या छातीकडे तोंड फिरवलं, आणि सगळ्या बायांच्या देखत तिचं पोलकं ओलं झालं.

"बघा, काकीला पान्हा फुटला," कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

ऋतुजाला दूध आलं नव्हतं. इतकं रक्त गेल्यावर येणार कुठून? बाळ वरच्या दुधावर होतं.

"पाज की त्याला," सासूबाई म्हणाल्या. "तुझी तर नळीनं चार थेंब पितीया. तुझं काय जातंय?"

ईश्वरीनं बाळाला खाली पाळण्यात ठेवलं आणि ती दवाखान्यात परत गेली.

तिथे मुजावरबाईंनी तिला खोटा धीर दिला नाही. "काही कुलपं आता कायमची बंद राहणार," त्या म्हणाल्या. "हातापायांत जोर किती येईल, सांगता येत नाही. एकच वाट उरली आहे. चालणाऱ्या आईच्या दुधात पहिले काही महिने थोडं सत्त्व उतरतं. फार नाही, पण उतरतं. बेतानं चाल. आणि कृपा करून बोलत चाल."

अंगात ताकद आल्यावर ईश्वरी पुन्हा रंकाळ्यावर चालू लागली. आता ती तोंड मिटतच नव्हती. वाडीतल्या ओढ्याची, शाळेच्या वाटेची, खो-खोच्या डावांची गोष्ट ती मोठ्यानं सांगत जायची, जणू मुलगी कडेवरच आहे. फिरायला आलेले लोक वळून वळून बघायचे. चौगुल्यांच्या धाकट्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला, असं बोलू लागले. वस्ताद अजूनही मागून यायचे. स्कूटर नाही, काठी टेकत, बरंच अंतर राखून. एकदा त्यांनी, "पोरी, जरा..." म्हणून तोंड उघडलं. ती न वळताच म्हणाली, "तोंड बंद. नाकानं दम घ्या, मामा." त्यानंतर ते रोज मागून आले, आणि एक शब्द बोलले नाहीत.

मुलगी घरी आली. ती बोंडल्यानं थेंब थेंब प्यायची आणि चार घोटांत थकून झोपायची. तळहातावर बोट ठेवलं तर बोटं जराशी वाकायची, मिटायची नाहीत. ईश्वरी चालून आली की वाटीत दूध काढायची, तिला पाजायची, आणि उरलेलं मोरीत ओतून द्यायची. उरलेलं पुष्कळ असायचं, कारण खुराक खाल्लेलं अंग होतं ते.

चार दिवस हे घरानं बघून न बघितल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी सकाळी ऋतुजा बाळाला खांद्यावर टाकून मोरीच्या दारात आली. बाळाला वरचं दूध पचत नव्हतं म्हणे. तसं वजन त्याचं छान वाढत होतं. ते हातपाय झाडून रडत होतं, आणि रडण्यातही जोर होता.

"ईशू," ऋतुजा म्हणाली, "ओतूनच तर देतेस ना? मग वाटीभर दे की मला. तुझ्या दुधात सत्त्व आहे, त्याला लागू पडेल." मग तिनं बाळाला पुढे धरलं. "मी चुकले असेन. पण यानं काय केलंय? हेच एक आहे गं माझं."

सोप्यावर वस्ताद बसले होते. हर्षल फौंड्रीला निघायच्या तयारीत एका पायात चप्पल घालून थांबला होता. गोठ्यातून सासूबाई आल्या, त्याही थबकल्या. सगळ्यांना वाटलं, ईश्वरी आता विरघळेल. मूळची भोळी पोर होती ती.

ईश्वरीनं वाटी तोंडापर्यंत भरलेली होती. तिनं ती ऋतुजाच्या डोळ्यांदेखत सावकाश तिरपी केली. दूध मोरीच्या जाळीतून खाली गेलं. बाळाला बहुधा वास आला. ते आणखी जोरात रडू लागलं. ईश्वरीला त्याची दया आली नाही. दया येत नाही याचं तिला आधी नवल वाटलं असतं, आता तेही वाटलं नाही.

"रडू नका, ताई," ती म्हणाली. "तुम्हाला काय, अजून धा होतील."

वस्तादांनी मान खाली घातली. ईश्वरीनं वाटी पाण्यानं विसळली, फळीवर पालथी घातली आणि मुलगी उठली का ते बघायला आत गेली.